झाडांचे शेजारी: वातावरण बदललं की वनस्पतींची आपसातली नाती कशी बदलतात?

लोटे म्हटलं की बहुतेकांना आठवते ती एमआयडीसी. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, मुंबई–गोवा महामार्गालगत असलेली लोटे परशुराम औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाते. पण या वसाहतीच्या आजूबाजूला जांभ्याचे सडे आहेत, आंबा-काजूच्या बागा आहेत, भाताची खाचरं आहेत, ऐन-किंजळाचं रान असलेले उतार आहेत. आणि महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी कापलेले डोंगरही आहेत.

हवामान बदलाविषयी आपण बोलतो तेव्हा साधारणपणे एकेका झाडाविषयी बोलतो. यंदा आंब्याला मोहोर येईल का? काजूवर काय परिणाम होईल? भाताचं काय? प्रश्न बरोबर आहेत, पण अपुरे आहेत. कारण कुठलंही झाड एकटं जगत नाही. उष्णता, पाऊस, हवा किंवा जमीन बदलली की त्याचे शेजारीही बदलतात आणि शेजाऱ्यांशी असलेलं त्याचं नातंही. काल मदत करणारं झाड उद्या स्पर्धक होऊ शकतं.

हे नेमकं कसं घडतं? लोटे आणि आसपासच्या कोकणातल्या उदाहरणांतून समजून घेऊया.

झाडं एकमेकांवर परिणाम करतात म्हणजे काय?

याचे मुख्य मार्ग सहा आहेत.

१. स्पर्धा: ऊन, पाणी, जमिनीतलं अन्न आणि जागा यासाठी. उंच झाड खालच्या झाडाचं ऊन अडवतं, तर खोल किंवा दाट मुळं असलेलं झाड शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतं.

२. मदत: एका झाडाची सावली दुसऱ्याच्या रोपाला कडक उन्हापासून वाचवते. करवंदाच्या काटेरी जाळीत गुरं तोंड घालायला कचरतात, त्यामुळे तिच्या आत रुजलेलं रोप चरण्यातून वाचतं. शेंगवर्गीय झाडं मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र वापरतात. पाला कुजला की तो नत्र शेजाऱ्यांनाही मिळतो.

३. रसायनं: काही वनस्पती मुळांतून, पानांतून किंवा पालापाचोळ्यातून असे पदार्थ सोडतात, ज्यांनी शेजाऱ्याचं बी रुजणं किंवा वाढणं मंदावतं. याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. हा शब्द १९३७ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी रूढ केला. अक्रोडाच्या एका अमेरिकी जातीखाली अनेक झाडं नीट वाढत नाहीत, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण.

४. मातीतले जीव: प्रत्येक वनस्पती आपल्या मुळांभोवती बुरशी आणि जिवाणूंची एक वसाहत जमवते. ती शेजाऱ्याला पोषक ठरू शकते किंवा रोग देऊ शकते.

५. परजीवीपणा: एक वनस्पती दुसरीच्या अंगावर वाढून तिचं पाणी किंवा अन्न घेते. बांडगूळ आणि अमरवेल ही आपल्या ओळखीची नावं.

६. हवेतले संदेश: पान कुरतडलं गेलं की झाड काही वायुरूप पदार्थ सोडतं. ताज्या कापलेल्या गवताचा वास हा त्यातलाच प्रकार. काही वनस्पती शेजाऱ्याच्या या वासावरून आपली संरक्षणव्यवस्था आधीच तयार ठेवतात, असं १९८३ पासूनच्या प्रयोगांतून दिसत आलं आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळे मार्ग एकाच वेळी सुरू असतात. एकच झाड शेजाऱ्याला सावली देतं आणि त्याचं पाणीही ओढतं. शेवटी फायदा जास्त की तोटा, हे बऱ्याच प्रमाणात आजूबाजूची परिस्थिती ठरवते.

मदत कधी आणि स्पर्धा कधी?

१९९४ मध्ये मार्क बर्टनेस आणि रेगन कॅलवे या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक सोपी वाटणारी कल्पना मांडली. जिथे जगणं सोपं आहे, तिथे झाडं एकमेकांशी जास्त स्पर्धा करतात. जिथे जगणं कठीण आहे, तिथे शेजारी असण्याचा फायदा वाढतो.

२००२ मध्ये कॅलवे आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी ही कल्पना जगभरच्या ११ डोंगराळ ठिकाणी, ११५ वनस्पतींवर तपासली. त्यांनी काही झाडांचे शेजारी काढून टाकले आणि काय होतं ते पाहिलं. डोंगराच्या खालच्या, तुलनेने उबदार भागात शेजारी गेल्यावर उरलेली झाडं जास्त जोमाने वाढली. वर, थंडी-वाऱ्याच्या भागात मात्र शेजारी गेल्यावर त्यांची अवस्था बिघडली.

कोकणात एवढी थंडी नाही, पण ताण आहेच. तो ऋतूनुसार टोकाचा बदलतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले महिने जवळजवळ कोरडे. त्यात जांभ्याची जमीन पाणी फार काळ धरून ठेवत नाही. त्यामुळे एकाच जागेवर जुलैमध्ये उन्हासाठी चढाओढ असते आणि एप्रिलमध्ये सावलीचा आधार लागतो.

या कल्पनेला मर्यादाही आहेत. पाण्याची टंचाई अगदी टोकाला गेली, तर सावली देणारं झाडच उरलंसुरलं पाणी ओढून घेतं आणि मदतीचं नातं तुटतं. त्यामुळे 'उष्णता वाढली की झाडं एकमेकांना जास्त मदत करतील' असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही.

शेतकऱ्याला हे आधीपासून माहीत आहे का?

बऱ्याच अंशी हो. बांधावरचा गिरिपुष्प घ्या. कोकणात तो कुंपणाला आणि हिरवळीच्या खतासाठी लावतात. पावसाच्या सुरुवातीला फांद्या तोडून पाला खाचरात गाडला, तर भाताला नत्र मिळतो. छाटणी केलीच नाही, तर तेच झाड भाताचं ऊन अडवतं. नातं मदतीचं राहावं म्हणून शेतकरी कोयता चालवतो.

दुसरं उदाहरण 'लाखी बागे'चं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत रत्नागिरीजवळ भाट्ये इथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या बागेत काळी मिरी, जायफळ, दालचिनी अशी मसाल्याची पिकं घेण्याची ही पद्धत तिथे विकसित झाली. मिरीच्या वेलीला नारळाच्या खोडाचा आधार मिळतो, जायफळाला सावली मिळते आणि शेतकऱ्याला एकाच जागेतून अनेक उत्पन्नं.

पण हे नातं किती नाजूक आहे, हे वादळात कळतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. रायगडसह दापोली, मंडणगड भागात नारळ, सुपारी आणि आंब्याची असंख्य झाडं आडवी झाली. अशा बागेत वरचं छत गेलं की वाचलेल्या सावलीप्रिय झाडांवरही थेट ऊन पडतं. म्हणजे वादळाने एक झाड पाडलं, तरी नुकसान त्याच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचतं. शिवाय जमिनीवर अचानक आलेल्या उन्हाचा फायदा सगळ्यात आधी तणांना होतो.

डोंगर कापल्यावर तिथे पहिल्यांदा कोण येतं?

लोट्याहून चिपळूणकडे जाताना परशुराम घाट लागतो. चौपदरीकरणाच्या कामासाठी २०२२ मध्ये हा घाट काही आठवडे रोज दुपारी वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला होता. अशा कामात डोंगराचा उतार उघडा पडतो. वरची माती, तिच्यातलं बी आणि बुरशी-जिवाणूंची वसाहत, सगळं जातं.

अशा उघड्या जागेवर कोकणात लवकर दिसणारं झुडूप म्हणजे रानमोडी. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि पुढे देशभर पसरली. तिचं बी हलकं असतं आणि वाऱ्याबरोबर लांब जातं. थंडीत ती फुलते, उन्हाळ्यात वाळते आणि वणव्याला आयतं इंधन पुरवते. आग विझल्यावर मुळापासून पुन्हा फुटते.

पण रानमोडी टिकून राहते त्यामागे मातीतलंही एक कारण आहे. इंदरजित, रेगन कॅलवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पश्चिम घाटातल्या मातीवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रानमोडीखालच्या मातीत फ्युझेरियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू आसपासच्या मातीपेक्षा २५ पटींहून अधिक आढळले. या मातीत लावलेल्या इतर वनस्पतींची वाढ खुंटली. तीच माती निर्जंतुक करून वापरली, तेव्हा हा परिणाम नाहीसा झाला.

याचा अर्थ लक्षात घ्या. रानमोडीने बुरशी बाहेरून आणली नव्हती. ती इथलीच होती. रानमोडीच्या मुळांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे ती वाढली आणि तिचा फटका इथल्या झाडांना बसला. म्हणजे झुडूप उपटून टाकलं, तरी मातीचा प्रश्न लगेच मिटतोच असं नाही.

म्हणूनच कापलेल्या उतारावर पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत काय उगवतं, याला मोठं महत्त्व आहे. गवत आणि स्थानिक झुडपं आधी आली, तर त्यांच्या आडोशाने पुढे ऐन, किंजळ यांची रोपं तग धरू शकतात. रानमोडी आधी आली, तर ती वाट अवघड होते.

बांडगुळाला 'बांडगूळ' का म्हणतात?

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला मराठीत बांडगूळ म्हणतात. खऱ्या बांडगुळाचं वागणं थोडं वेगळं आहे. ते अर्धपरजीवी आहे. त्याला हिरवी पानं असतात आणि स्वतःचं अन्न ते बरंचसं स्वतः तयार करतं. पण पाणी आणि क्षार मात्र आंब्याच्या फांदीत घुसवलेल्या शोषक मुळांतून घेतं. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी त्याची फळं खातात आणि चिकट बी दुसऱ्या फांदीवर पुसतात. तिथे नवं बांडगूळ रुजतं.

पाणी मुबलक असतं तेव्हा मोठ्या आंब्याला एखादं-दुसरं बांडगूळ सहन होतं. कोरड्या दिवसांत गणित बदलतं. पाण्याचा ताण जाणवला की झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं मिटून पाणी वाचवतं. बांडगूळवर्गीय वनस्पती साधारणपणे आपल्या यजमानापेक्षा जास्त पाणी हवेत सोडतात. आंब्याने काटकसर केली, तरी त्याच्या अंगावरचा पाहुणा करेलच असं नाही. त्यामुळे कोरडे आणि उष्ण दिवस वाढले, तर बांडगुळांनी भरलेली दुर्लक्षित आमराई आधी खचण्याची शक्यता जास्त.

हवा बदलली तर काय होतं?

हवेतला एक बदल संपूर्ण जगाचा आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होतं. आज ते ४२० च्या वर गेलं आहे. सगळ्या वनस्पतींना याचा सारखा फायदा होत नाही. भातासारख्या वनस्पती आणि मका-ज्वारीसारख्या वनस्पती कार्बन पकडण्यासाठी दोन वेगळ्या पद्धती वापरतात. त्यांना अनुक्रमे सी-३ आणि सी-४ म्हणतात. जास्त कार्बन डायऑक्साइडचा फायदा सी-३ गटाला अधिक होईल, असं पाठ्यपुस्तकांत सांगितलं जायचं.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गवतांवर २० वर्षं चाललेल्या एका प्रयोगाने यात गुंतागुंत दाखवली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिली १२ वर्षं अपेक्षेप्रमाणे सी-३ गवतं जास्त वाढली. त्यानंतरच्या आठ वर्षांत चित्र उलटलं आणि सी-४ गवतं पुढे गेली. मातीत नत्र किती उपलब्ध होता, याचा त्याच्याशी संबंध दिसला. भाताच्या खाचरातली अनेक त्रासदायक गवतं सी-४ गटातली असतात, हे लक्षात घेतलं तर भात आणि तण यांच्यातली चढाओढ पुढे कशी जाईल, हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेचा राहत नाही.

दुसरा बदल स्थानिक असतो. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि सेंद्रिय वायू यांच्यावर ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो. हा ओझोन पानांना इजा करतोच. शिवाय झाडं सोडत असलेल्या वासांचे रेणूही तो तोडतो. वालासारख्या शेंगा येणाऱ्या लिमा बीनवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत बोलका आहे. हवेत ओझोनचं प्रमाण दर अब्ज भागांत ८० भाग केल्यावर, कोळी कीड लागलेल्या झाडाचा इशारा जितक्या अंतरावरच्या शेजाऱ्याला मिळायचा, ते अंतर कमी झालं. थोडक्यात, झाडांचा 'आवाज' लांब पोहोचेनासा झाला.

महामार्ग आणि औद्योगिक वसाहत शेजारी असलेल्या कुठल्याही गावासाठी ही माहिती महत्त्वाची आहे. हवेची तपासणी करताना माणसांच्या आरोग्यासोबत आजूबाजूच्या पिकांचाही विचार का व्हायला हवा, हे त्यातून कळतं.

झाडं जमिनीखालून एकमेकांना अन्न पाठवतात, हे खरं आहे का?

समाजमाध्यमांवर हे खूप फिरतं. यातलं काही पक्कं आहे, काही नाही.

पक्कं हे की बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी मायकोरायझा नावाच्या बुरशींची भागीदारी असते. बुरशी झाडाला स्फुरद आणि पाणी मिळवून देते, झाड तिला साखर देतं. सुझान सिमार्ड यांनी १९९७ मध्ये कॅनडाच्या जंगलात बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते, असं दाखवलं. त्यावरून पुढे 'आई झाड आपल्या पिल्लांना वाढवतं' अशा कथा लोकप्रिय झाल्या.

२०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तीन शास्त्रज्ञांनी उपलब्ध पुरावे तपासून सांगितलं की प्रत्यक्ष जंगलाबद्दलचे असे अनेक दावे पुराव्याच्या पुढे गेले आहेत. त्यामुळे 'झाडं बोलतात, प्रेम करतात' असं म्हणण्याची घाई नको. पण माती खरवडली की ही भागीदारी मोडते आणि नवी रोपं जगणं कठीण होतं, एवढं मात्र व्यवहारात लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग भरपूर झाडं लावली की झालं?

इथे खरा पेच आहे. औद्योगिक वसाहतीभोवती हरितपट्टा हवा, रस्त्याकडेला झाडं हवीत, यावर कुणाचं दुमत नाही. प्रश्न आहे कुठली झाडं आणि कुठे.

कोकणात वृक्षारोपणासाठी ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. ते निकृष्ट जमिनीतही झपाट्याने वाढतं, हवेतला नत्र वापरतं आणि गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. पण त्याचा जाड पाला सावकाश कुजतो आणि खाली थर साचतो. त्याखाली इतर रोपं किती आणि कुठली येतील, हे त्यामुळे बदलतं. हिरवं दिसणं आणि रान परत येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा सड्यांचा. जांभ्याचे सडे सरकारी नोंदीत अनेकदा 'पडीक' म्हणून येतात. उन्हाळ्यात ते तसे दिसतातही. पावसाळ्यात मात्र तिथल्या वीतभर मातीत आणि पाणथळ खळग्यांत सीतेची आसवं, गेंद, तेरडा आणि कितीतरी गवतं फुलतात. दीपकाडीसारखी काही फुलं तर कोकणच्या सड्यांबाहेर जवळजवळ सापडत नाहीत. या छोट्या वनस्पतींना उघडं आभाळ लागतं. सुरुंग लावून खड्डे करून, बाहेरून माती आणून तिथे झाडं किंवा बागा उभ्या केल्या, की सावली आणि स्पर्धा दोन्ही वाढतात आणि त्या हटतात. इथे मोठं झाड हा मदत करणारा शेजारी नसतो.

आपण काय लक्षात ठेवायचं?

- कापलेला उतार उघडा ठेवू नये. रानमोडीला जागा मिळण्याआधी स्थानिक गवत आणि झुडपं तिथे आली, तर पुढचं काम सोपं होतं.
- रानमोडी फुलण्याआधी, पावसाळ्यात जमीन ओली असताना मुळासकट काढावी. फक्त कापली तर पुन्हा फुटते. मोकळी झालेली जागा लगेच दुसऱ्या झाडाने भरावी.
- बांडगूळ फळं धरण्याआधी काढावं आणि ते जिथे चिकटलंय त्याच्या खालून फांदी कापावी. नुसती पानं ओरबाडली तर ते पुन्हा येतं.
- उन्हाळ्यात रोपं वाचवायची असतील, तर भोवतालची सगळी झुडपं साफ करण्याआधी त्यांची सावली रोपाला उपयोगी आहे का, ते पाहावं. पावसाळ्यात तीच झुडपं ऊन अडवत असतील, तर छाटावीत.
- झाडं लावण्याआधी जागा पाहावी. उताराला झाडं हवीत, सड्याला बहुधा नकोत.

वातावरण बदलतंय आणि लोट्यासारख्या ठिकाणी ते एकाच वेळी अनेक बाजूंनी बदलतंय: पाऊस, उष्णता, हवा, रस्ता, माती. यातलं सगळं गावाच्या हातात नाही. पण कुठल्या झाडाशेजारी कुठलं झाड राहणार, हे बऱ्याच वेळा आपणच ठरवत असतो. म्हणून पुढच्या वृक्षारोपणाच्या दिवशी किती रोपं लावली, यासोबत एक प्रश्न जरूर विचारा: या रोपांचे शेजारी कोण असणार आहेत?